कनेक्शन अडवून कसं धरावं : नवशिक्या प्रोग्रामरसाठी प्रवेशिका

तुमचा ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा कोर्स नुकताच पुरा झाला आहे. क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स या तीन शब्दांत सगळं जग मांडता येतं, अशी तुमची खात्री पटली आहे. आणि गडचिरोली नाहीतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या कुठल्याशा ग्रामसभेने किंवा तालुक्याच्या कचेरीने "एक सॉफ्टवेअर बनवून दे गा" म्हणून तुम्हाला गाठलं आहे. ही प्रवेशिका तुमच्यासाठी. तिचा नीट अभ्यास केलात तर डेटाबेसची कनेक्शनं अशी वापरता येतील की दुसऱ्या कोणाला ती मिळणारच नाहीत. फार अवघड असेल असं समजून बिचकू नका. शहरात माणसं एसीत बसून, पगार घेऊन हेच करतात.

उदाहरण म्हणून तेंदूपत्ता घेऊ. कॉलेजच्या पुस्तकांत 'स्टुडंट' आणि 'एम्प्लॉयी' असे क्लास असतात, पण आपल्याकडे मे महिन्यात स्टुडंटही पानं तोडायलाच गेलेला असतो. हा व्यवहार ग्रामसभांच्या हाती कसा आला ते आधी. वनहक्क कायदा २००६चा. त्याखाली २००९ साली गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, आणि पुढच्या काही वर्षांत जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू नि तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. व्यवहार आला की हिशेब आला, हिशेब आला की वही आली, आणि वहीच्या मागोमाग एक दिवस संगणकवाला आला. तो तुम्ही.

कामाची रीत अशी. बाया-माणसं उजाडता उजाडता जंगलात शिरतात. वाघाची धास्ती असते, तरी जातात, कारण वर्षातला रोख पैसा याच दिवसांत हाती येतो. ऊन चढायच्या आत पानं घेऊन परततात, घरी सावलीला बसून ७०-७० पानांचे पुडे बांधतात आणि दिवस कलला की फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेतात. फळीवर मुनशी पुडे मोजून घेतो, वहीत मांडतो, संकलकाच्या कार्डावर आकडा टाकतो. मजुरी शेकड्याने. असे १,००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी. हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा. अवकाळी आला तर तेवढाही नाही. म्हणजे तुमचा डेटाबेस अकरा महिने झोपा काढणार आणि मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या फळ्या एकदम त्याच्यावर येऊन पडणार. आपल्या कलेला याहून चांगलं मैदान मिळायचं नाही.

पाठ पहिला : ज्याचं त्याचं वेगळं

सुरुवात क्लासपासून करू. 'संकलक', 'पुडा', 'फळी', 'मुनशी' असे क्लास बनवा. आता प्रत्येकाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट जन्माला येतानाच, डेटाबेसशी नवं कनेक्शन उघडा. तुमच्या सरांनी सांगितलेलं आठवा : प्रत्येक ऑब्जेक्टने आपली काळजी आपण घ्यावी, दुसऱ्यावर अवलंबून राहू नये. त्यांना हे म्हणायचं नव्हतं, पण परीक्षेत तसं कोण विचारतं?

याचा परिणाम लगेच दिसतो. समजा एका फळीवर १६० संकलक आहेत आणि त्यांची यादी पडद्यावर दाखवायची आहे. १६० ऑब्जेक्ट जन्मले की १६० कनेक्शनं मागितली गेली. मायएसक्यूएल मुळात एका वेळी १५१ कनेक्शनं देतं, पोस्टग्रेस १०० देतं. म्हणजे एकाच फळीची, एकट्या मुनशीने उघडलेली यादी सगळ्या जिल्ह्याला पुरून उरली. पडद्यावर 'टू मेनी कनेक्शन्स' ही अक्षरं उमटली की पाठ साधला असं समजा. मायएसक्यूएलमध्ये हीच चूक १०४० या क्रमांकाने ओळखली जाते. पाठ करून ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडते.

या मर्यादांत एक बारकावा आहे, तो सहसा कोणी शिकवत नाही. मायएसक्यूएल १५१च्या वर आणखी एक जागा राखून ठेवतं, ती फक्त प्रशासकाचा अधिकार असलेल्या खात्यासाठी. पोस्टग्रेसही आपल्या १००पैकी ३ जागा सुपरयूजरसाठी बाजूला काढतं. सगळं तुंबलं तरी कोणीतरी जाणता माणूस आत शिरावा, कोण अडून बसलंय ते पाहावं आणि त्याला उठवावं, यासाठी ही सोय. ती मोडायची असेल तर तुमचं सॉफ्टवेअर थेट 'रूट' खात्यावरून चालवा. मग ती राखीव जागाही तुमचंच सॉफ्टवेअर पटकावतं आणि जाणत्या माणसाला दाराबाहेर उभं राहावं लागतं. रूटचा पासवर्ड क्लासमध्येच लिहून टाकला तर उत्तम. तोच सगळ्या क्लासमध्ये चिकटवता येतो आणि बदलायची वेळ आली की एकदोन जागी हमखास राहून जातो.

कनेक्शन उघडणं म्हणजे फुकटचं काम नाही, हे इथे सांगायला हवं. आधी दोन यंत्रांत तीन निरोपांची देवाणघेवाण होते, मग गुप्ततेचा करार, मग नाव-पासवर्डची तपासणी; पोस्टग्रेस तर प्रत्येक नव्या कनेक्शनसाठी आपल्या यंत्रावर एक वेगळी प्रोसेसच सुरू करतं. हा सगळा खटाटोप 'सीताबाईंचे पुडे किती?' या एका प्रश्नासाठी. प्रश्नाचं उत्तर काढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कैक पट वेळ दार उघडण्यात जातो. म्हणून जो ऑब्जेक्ट संकलकाचं नाव आणि पुडे सांभाळतो त्याला डेटाबेस नावाची काही वस्तू आहे हेच ठाऊक नसावं. डेटाबेसशी बोलणारा क्लास निराळा असावा आणि त्यालाही कनेक्शन बाहेरून हातात द्यावं, त्याने स्वतः उघडू नये. अनुभवी मंडळी असं करतात. आपण नवशिके आहोत.

पाठ दुसरा : सगळ्यांचं मिळून एकच

पहिल्या पाठाने हात पोळलेला विद्यार्थी हटकून दुसऱ्या टोकाला जातो. त्याला कोणीतरी 'सिंगलटन' सांगतं. १९९४ साली गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी 'डिझाइन पॅटर्न्स' नावाचं जाडजूड पुस्तक काढलं, त्यात वेगवेगळे २३ साचे होते. त्यांतला सिंगलटन सगळ्यांत लवकर समजतो, म्हणून बहुतेकांचं वाचन तिथेच थांबतं. साचा असा : या क्लासचा ऑब्जेक्ट सबंध प्रोग्राममध्ये एकच, मागेल त्याला तोच. त्या ऑब्जेक्टमध्ये एक कनेक्शन ठेवा. झालं.

आता संध्याकाळी सहा वाजताची गोष्ट. एका फळीवरचा मुनशी तीन ओळींची नोंद करतो आहे : संकलकाच्या खात्यात पुडे चढवायचे, फळीचा एकूण आकडा वाढवायचा, मजुरीची रक्कम मांडायची. तिन्ही ओळी एकत्र पक्क्या व्हाव्यात म्हणून त्याने ट्रान्झॅक्शन सुरू केलं आहे. दोन ओळी झाल्यात, तिसरी बाकी. तेवढ्यात वीस कोसांवरच्या दुसऱ्या फळीवरचा मुनशी त्याच कनेक्शनवर आपली नोंद पुरी करून 'कमिट' म्हणतो. कनेक्शन एकच, म्हणून ट्रान्झॅक्शनही एकच. पहिल्याच्या अर्धवट दोन ओळी दुसऱ्याच्या कमिटसोबत पक्क्या झाल्या. आता तिसरी ओळ अडली, तर पुडे चढले, मजुरी चढली नाही. आणि दुसऱ्याची नोंद चुकून त्याने 'रोलबॅक' म्हटलं असतं, तर पहिल्याच्या त्या दोन ओळीही पुसल्या गेल्या असत्या. आणि पहिल्याच्या पडद्यावर पुढे 'नोंद झाली' असंच लिहून आलं असतं.

ही गडबड महिन्याभराने, मजुरीच्या वाटपात उघडकीला येते. तोवर तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर असता.

न्यायाने सांगायचं तर पीएचपीवाल्यांना हा रोग जडत नाही, निदान लवकर जडत नाही. तिथे प्रत्येक विनंती वेगळी जन्मते, आपलं काम करते आणि मरते. मरताना तिचं साधं कनेक्शनही आपोआप मिटतं. सिंगलटन तिथे एका विनंतीपुरताच एकटा असतो. मराठवाडा-विदर्भातल्या निम्म्या क्लासेसमध्ये मंडळी पीएचपीवर शिकली, तिथे सिंगलटन बिनबोभाट चालला, आणि तीच सवय घेऊन ती जावात गेली. जावातला प्रोग्राम हंगामभर जिवंत राहतो आणि एकाच वेळी अनेक धागे चालवतो, हे मधे कुठेतरी सांगायचं राहून गेलं. (पीएचपीतही जुनं 'मायएसक्यूएल कनेक्ट' फंक्शन अजून चालवणारे भेटतात. ते २०१३मध्ये कालबाह्य ठरलं आणि पीएचपी ७मधून, २०१५ अखेर, काढूनच टाकलं. त्याच्या जागी वापरता येणारं पीडीओ २००५पासून हजर आहे. त्यांना यंदा तरी सांगा.)

पाठ तिसरा : उघडलेलं मिटू नये

कनेक्शन वापरून झालं की बंद करायचं किंवा परत करायचं असतं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. तो शेवटच्या ओळीत इमानेइतबारे 'क्लोज' लिहितोही. म्हणून इथे जरा कसब लागतं : 'क्लोज' लिहावं, पण तिथवर पोचू नये.

युक्ती सोपी आहे. 'क्लोज' फंक्शनच्या अगदी तळाशी ठेवा. वर काही चुकलं, म्हणजे कार्ड क्रमांक चुकीचा, पुड्यांच्या रकान्यात आकड्याऐवजी नाव, रक्कम रिकामी, की प्रोग्राम तिथूनच एक्सेप्शन फेकून बाहेर पडतो आणि शेवटची ओळ तशीच राहते. कनेक्शन उघडंच. याची गंमत अशी की तुमच्या टेबलावर, तुमच्या लॅपटॉपवर हे कधी दिसत नाही, कारण तुम्ही चाचणीला 'राम, १००' अशा सोज्वळ नोंदी करता. फळीवर मात्र रांग लागलेली असते, अंधारून येत असतं, पुडे घेऊन उभी असलेली बाई "मांड ना जी लवकर, घरी लेकरू आहे" म्हणत असते आणि मुनशीच्या घामेजल्या बोटाखाली एक शून्य जास्त पडतं. म्हणजे गर्दी जितकी जास्त तितक्या चुका जास्त, आणि चुका जितक्या जास्त तितकी गळती जास्त. यंत्रणा नेमकी कामाच्या दिवशीच बसते.

हिशेब करून पाहा. जावात हिकारी नावाचा कनेक्शन पूल, म्हणजे उघडलेली कनेक्शनं उसनी देऊन परत घेणारा साठा, लोकप्रिय आहे, तो मुळात १० कनेक्शनं बाळगतो. शंभर नोंदींत एक चुकते असं धरलं तर हजाराव्या नोंदीला दहाही कनेक्शनं गळून गेलेली. त्यानंतर येणारा प्रत्येक मुनशी ३० सेकंद वाट पाहणार, कारण हिकारीची मूळ मुदत तेवढीच, आणि मग त्याला नकार मिळणार. डेटाबेस या वेळी काय करत असतो? काहीही नाही. निवांत बसलेला असतो. तुम्ही त्याच्यावर किती ताण आहे ते पाहता, ताण शून्य दिसतो, आणि तुम्ही ग्रामसभेला कळवता : "आमच्याकडून सर्व ठीक आहे. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा." गडचिरोलीत हे वाक्य कोणी खोटं पाडू शकत नाही.

ज्यांना गळती खरोखर बुजवायची आहे त्यांच्यासाठी भाषांनी केव्हाच सोय केली आहे. जावात 'ट्राय विथ रिसोर्सेस' २०११पासून, सातव्या आवृत्तीपासून आहे. सी शार्पमध्ये 'यूजिंग' आहे. आत काहीही चुको, बाहेर पडताना कनेक्शन परत जाणारच. पायथनवाल्यांनी मात्र जपावं. तिथल्या एसक्यूलाइटच्या कनेक्शनला 'विथ' लावलं तर कमिट-रोलबॅक आपोआप होतं, कनेक्शन काही मिटत नाही. 'विथ' लिहिलंय म्हणजे मिटलंच असेल या विश्वासावर कित्येक जण वर्षानुवर्षं सुखात आहेत. गळती पकडायची खूणही हिकारीत आहे : ठरावीक वेळात कनेक्शन परत आलं नाही तर कुठल्या ओळीने नेलं ते तो लिहून ठेवतो. पण ही सोय मुळात बंद असते, सुरू करावी लागते. आपण अर्थातच करणार नाही. आपण रोज रात्री सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणारा एक माणूस ठेवू. तालुक्याला रोजगार.

पाठ चौथा : पूल मोठा, नाव मोठं

पूल घेतलाच असेल तर त्याचा आकडा वाढवत न्या. दहाने भागत नाही? पन्नास करा. पन्नासने भागत नाही? दोनशे करा. मागच्या पाठातली गळती यामुळे बुजत नाही, फक्त सातला बसणारी यंत्रणा साडेआठला बसते. तोवर मुनशी घरी गेलेला असतो.

आकडा वाढवून काय होतं ते ताडोबाच्या जंगल सफारीत पाहा. तिथे प्रत्येक फेरीला कुठल्या गेटातून किती जिप्सी आत सोडायच्या याचा आकडा ठरलेला असतो. मोहर्ली गेटवर रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांना तो जाचक वाटतो. पण तो उठवला तर वाघ वाढत नाहीत. एकाच वाघिणीभोवती जिप्स्यांची अशी कोंडी होते की पुढचीला मागे घेता येत नाही, मागचीला दिसत नाही, आणि वाघीण झुडपात निघून जाते. डेटाबेसचंही तसंच. त्याच्या यंत्रात प्रोसेसरचे गाभे चार असतील तर एका क्षणी चारच प्रश्न खरेखुरे सुटत असतात. बाकीचे एकशे शहाण्णव एकमेकांना कोपर मारत उभे. पोस्टग्रेसच्या मंडळींत एक ढोबळ सूत्र चालतं : गाभ्यांची दुप्पट, अधिक डिस्कची संख्या. चार गाभे, एक डिस्क म्हणजे नऊ. नऊ हा आकडा मीटिंगमध्ये फार केविलवाणा वाटतो, म्हणून कोणी सांगत नाही.

हेही विसरू नका की पूल प्रत्येक ॲप सर्व्हरचा वेगळा असतो. चार सर्व्हर, प्रत्येकी पन्नास, म्हणजे डेटाबेसच्या दारात दोनशे. हा गुणाकार करायचं काम कोणाचं हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

पाठ पाचवा : ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून निरोप धाडणे

हा पाठ लहान आहे, पण फळ मोठं देतो. नोंदीचं ट्रान्झॅक्शन सुरू करा, फळीचा एकूण आकडा वाढवा, आणि कमिट करायच्या आधी संकलकाला एसएमएस पाठवा : 'आपले २०० पुडे जमा झाले.' एसएमएस कंपनीच्या उत्तराची वाट पाहा. ते येईस्तोवर फळीच्या आकड्याची ती ओळ कुलूपबंद राहते आणि त्याच फळीवरचा दुसरा कोणी नोंद करू पाहील तर तो आपलं कनेक्शन हातात धरून कुलपापुढे उभा. एसएमएस कंपनी पाच सेकंद रेंगाळली की रांग, पंधरा सेकंद रेंगाळली की पूल रिकामा. दोष एसएमएसचा, नाव डेटाबेसचं. पोस्टग्रेसने असल्या बसून राहिलेल्या ट्रान्झॅक्शनला हाकलायची मुदत ठरवता येईल अशी सोय ९.६ या आवृत्तीत, २०१६ साली दिली. ती मुळात बंद आहे. चांगल्या सोयी बंद ठेवून द्यायच्या, ही या क्षेत्राची जुनी रीत दिसते.

एकूण आकडा मुळात साठवून ठेवायलाच हवा का, हा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारेल. नोंदींची बेरीज हवी तेव्हा करता येते. दोन आठवड्यांच्या हंगामात नोंदी त्या किती? अशा विद्यार्थ्याला मागच्या बाकावर बसवा.

पाठ सहावा : तार शाबूत आहे असं धरून चालणे

आता मुख्य पाठ. आधीचे पाचही पाठ पुण्यात बसूनही गिरवता येतात. हा मात्र इथला.

डेटाबेसची सगळी पुस्तकं एक गोष्ट न बोलता धरून चालतात : ॲप आणि डेटाबेस यांच्यामधली तार असते. शहरात ती असतेही. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो, आणि रस्त्याच्या कडेने गेलेली केबल कधी पाण्याने, कधी रुंदीकरणाच्या जेसीबीने जाते. मे महिन्यात पाऊस नसतो तर वादळ असतं. झाड तारेवर पडतं, वीज जाते, टॉवरची बॅटरी तासा-दोन तासांत मान टाकते. फळी तर गावाबाहेर, माळावर. मुनशी फोन उंच धरून टेकाडावर चढतो, दोन दांड्या येतात, खाली उतरला की जातात.

अशा ठिकाणी नवशिक्याने फोनमधल्या ॲपमधून थेट मुंबईच्या डेटाबेसला कनेक्शन जोडावं. मधे कोणी नको. यात तीन फायदे आहेत. पहिला, पासवर्ड प्रत्येक मुनशीच्या फोनमध्ये जाऊन बसतो आणि ॲपची फाइल उकलू शकणाऱ्या कोणालाही मिळतो. दुसरा, प्रत्येक फोन एक कनेक्शन अडवतो. तिसरा सगळ्यांत सुंदर. फोनची रेंज गेली तेव्हा फोनला 'येतो' म्हणायला फुरसत मिळालेली नसते. डेटाबेसच्या दृष्टीने तो अजून हजर आहे, गप्प आहे एवढंच. गप्प बसलेला जिवंत आहे की गेला, हे विचारायला लिनक्स मूळ मांडणीत ७,२०० सेकंदांनी म्हणजे दोन तासांनी उठतो. मायएसक्यूएल नुसत्या गप्प बसण्यासाठी २८,८०० सेकंद म्हणजे आठ तास देतं. मुनशी टेकाडावर चढला, रेंज आली, नवं कनेक्शन, उतरला, गेली, पुन्हा चढला, पुन्हा नवं. एका संध्याकाळी एकटा मुनशी डेटाबेसमध्ये आपली दहा-बारा भुतं सोडून घरी जातो. अशा पंधरा फळ्या असल्या की १५१ जागा भुतांनीच भरतात आणि जिवंत माणसाला जागा उरत नाही.

वीज परत आली की काय होतं तेही पाहून घ्या. सगळे फोन एकाच क्षणी जागे होतात. तुमच्या ॲपमध्ये 'जमलं नाही तर लगेच पुन्हा प्रयत्न' असं लिहिलेलं असेल, तर सगळे एकदम धडका मारतात, सगळे एकदम हरतात आणि सगळे एकदम पुन्हा येतात. प्रत्येक अपयशानंतर थांबायचा वेळ दुप्पट करावा आणि त्यात थोडा ज्याचा त्याचा वेगळा, फाशाने ठरवल्यासारखा वेळ मिसळावा, म्हणजे गर्दी पांगते. हा चार ओळींचा कोड आहे. त्या चार ओळींसाठी हंगाम वाया गेलेला चालतो, पण त्या लिहायला बहुतेकांना वेळ नसतो.

आणि सगळ्यांत वाईट घटना ती, जिच्यात काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. फोनने नोंद पाठवली. डेटाबेसने ती पक्की केली. 'झालं' हा निरोप परत येता येता रेंज गेली. फोनला वाटलं, नोंद पोचलीच नाही. त्याने पुन्हा पाठवली. आता एका बाईचे २०० पुडे चारशे झाले. हे पानं विकत घेणाऱ्या ठेकेदाराच्या लक्षात आलं की तो पुढच्या वर्षी सगळ्याच आकड्यांवर संशय घेतो, आणि उलट बाजूने, दुबार नोंदी छाटायला बसलेला कारकून एखादीच्या खऱ्याखुऱ्या दोन खेपाही एक समजून छाटतो. तिच्या हातात कार्ड असतं. कार्डावर मुनशीच्या डॉटपेनचे दोन आकडे असतात. ती ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कचेरीत घेऊन येते आणि ऑपरेटर पडद्याकडे बोट दाखवतो : "कॉम्प्युटरवर एकच आहे, मावशी." या वाक्यापुढे तिचं काही चालत नाही. खरं म्हणजे चालायला हवं.

म्हणून, थट्टा क्षणभर बाजूला. इथे कनेक्शन तुटणं हा अपवाद नव्हे, तोच नेहमीचा दिवस; आणि प्रोग्राम नेहमीच्या दिवसासाठी लिहायचा असतो. फळीवरच्या फोनने डेटाबेसशी बोलूच नये. त्याने नोंद फोनमध्येच करावी. एसक्यूलाइट हा २००० सालापासूनचा डेटाबेस नुसती एक फाइल असतो. त्याला ना सर्व्हर लागतो, ना तार, आणि तो तुमच्या फोनमध्ये आधीच आहे. नोंद होताच तिला फोननेच एक न जुळणारा क्रमांक द्यावा. मुनशी रात्री गावात आला, रेंज मिळाली, की साठलेल्या नोंदी फोन आणि डेटाबेस यांच्यामधल्या एका सेवेकडे जाव्यात. त्या सेवेने आपल्या छोट्या पुलातलं एक कनेक्शन घ्यावं, दोनशे नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये उतरवाव्यात आणि लगेच परत करावं. तोच क्रमांक पुन्हा आला तर डेटाबेसने 'आलेला आहे' म्हणून सोडून द्यावा. त्या रकान्यावर अनन्यतेची अट घातली की हे काम डेटाबेस स्वतःच करतो. फोनला 'पोचलं' असा निरोप मिळेपर्यंत त्याने नोंद पुसू नये. कनेक्शन हातात असण्याचा काळ मग काही मिलिसेकंदांचा उरतो, आणि १५१पैकी ९ कनेक्शनांत अख्खा जिल्हा निभतो.

आणि वही बंद करू नका. सॉफ्टवेअर आलं म्हणून वही बंद करण्याचा ठराव ज्या कोणी मांडला असेल, त्याला एक संध्याकाळ फळीवर बसवा.

स्वाध्याय

१. तुमच्या प्रोग्राममध्ये कनेक्शन उघडणाऱ्या ओळी किती जागी आहेत ते मोजा. उत्तर एकापेक्षा जास्त आल्यास प्रश्न पुन्हा वाचू नका, पाठ पहिला पुन्हा वाचा.

२. प्रोग्राम चालू असताना राऊटरची वायर उपटा. दहा मिनिटांनी लावा. काय दिसलं ते पाच ओळींत लिहा. ('सगळं आपोआप सुरू झालं' असं लिहिणाऱ्याने साक्षीदार आणावा.)

३. झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामात वडशाच्या एका नाटक मंडळीची तारीख दोन गावांनी एकाच मिनिटाला, दोन वेगवेगळ्या कनेक्शनांवरून मागितली. दोघांनाही 'तारीख मोकळी आहे' असं दिसलं. मंडप दोन्ही गावांत पडला. 'आधी तपासा, मग नोंदवा' या दोन पायऱ्यांच्या मधे काय घडलं ते सांगा. सिंगलटन हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.

४. मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी सात वाजता मायएसक्यूएल डेटाबेसवर 'शो प्रोसेसलिस्ट' ही आज्ञा द्या. 'स्लीप' लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढा. 'टाइम' या रकान्यातल्या सेकंदांवरून सगळ्यांत जास्त वेळ झोपलेलं कनेक्शन शोधा आणि त्याच्या 'होस्ट' रकान्यातला पत्ता कोणाच्या यंत्राचा आहे ते ओळखा. पत्ता तुमच्याच लॅपटॉपचा निघाल्यास गुण कापले जाणार नाहीत, फक्त लॅपटॉप बंद करून घरी जावं.